होडीतली जागा

१

व्हिसाच्या कागदांवर शंतनूच्या नावापुढे त्याचं काम लिहिलेलं होतं आणि माझ्या नावापुढे ‘डिपेंडंट’. नागपूरच्या कॉलेजात नऊ वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या बाईला हा शब्द कसा झोंबतो, ते ज्यांच्या वाट्याला आला त्यांनाच कळेल. पगार घेऊन काम करायला मला बंदी होती, फुकट राबायला मात्र पूर्ण मोकळीक होती. नवरा सकाळी पाथ ट्रेन पकडून मॅनहॅटनला आणि मुलगी शाळेत गेली की चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी आणि हडसन नदी. शेवटी मी जर्सी सिटीतल्याच एका लहानशा संग्रहालयात व्हॉलंटिअर म्हणून नाव घातलं. २००५चा सप्टेंबर होता. मंगळवारी आणि गुरुवारी, बारा ते साडेचार.

नदीकाठच्या जुन्या गोदामाचं ते संग्रहालय केलेलं. खाली जहाजांच्या प्रतिकृती, होकायंत्रं, माणसाएवढा एक गंजका नांगर. वर चित्रांच्या तीन खोल्या. त्यातली शेवटची खोली माझी. सगळा कारभार मिसेस हॅलोरन नावाच्या सत्तरीच्या बाई बघायच्या. त्यांनी मला दोन कामं समजावली. लोकांना चित्रांना हात लावू द्यायचा नाही, हे पहिलं. दुसरं म्हणजे बंद करायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येक चित्रासमोर उभं राहायचं, फ्रेम, कॅनव्हास, रंग नीट बघायचे आणि फॉर्मवर ‘बदल’ असा एक रकाना होता, तो भरायचा. बावीस वर्षांत त्या रकान्यात ‘नाही’ सोडून दुसरं काही लिहायची वेळ आली नाही, असं त्या अभिमानाने म्हणाल्या. मला ते काम फार आवडलं. रोज मोजायचं आणि रोज उत्तर तेच यायचं, याहून शांत नोकरी कुठली असणार?

माझ्या खोलीत पाच चित्रं होती. त्यातल्या चारांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पाचवं पूर्ण भिंत भरेल एवढं. अठराशे तीसच्या आसपासचं, चित्रकाराचं नाव अज्ञात. त्या काळच्या चित्रकारांना माणसांपेक्षा आभाळाचं प्रेम जास्त, त्यामुळे तीन हिस्से नुसतं खवळलेलं आभाळ. डावीकडे खडकांवर आदळून कंबरडं मोडलेलं जहाज. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, अगदी आपल्या पायांशी, त्या जहाजावरून निसटलेल्या लोकांची एक होडी. होडीत अकरा माणसं. मोजायची सवय जात नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी मोजली होती.

२

माझ्या मुलीची, उल्काची शाळा संग्रहालयापासून दोन चौक पलीकडे. ती दुसरीत होती. माझ्या दिवशी मी तीनला जाऊन तिला घेऊन यायची आणि ती माझ्या खोलीतल्या बाकावर बसून होमवर्क करायची. मिसेस हॅलोरननी आनंदाने परवानगी दिली होती. होमवर्क संपलं की उल्का त्या मोठ्या चित्रासमोर मांडी घालून बसायची. आभाळाशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. तिला होडी आवडायची. कोण कुणाची आई, कोण कुणाचा काका, हे तिने ठरवून टाकलं होतं. होडीच्या मागच्या फळीवर शाल पांघरलेली एक बाई होती आणि तिच्या खांद्याला खांदा लावून एक म्हातारा. ते दोघं तिचे खास.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती वरवर गमतीची आहे, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कुणाच्याही घरून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, आणि जन्मात माझ्या तोंडून दाराशी ‘जाते’ निघालेलं नाही. उल्काला मात्र शिकवावं लागलं. ती बोलायची इंग्रजीत. मराठी समजायचं सगळं, उत्तर इंग्रजीत. एकदा माझ्या मैत्रिणीकडे, आश्लेषाकडे जेवून निघालो तेव्हा मी दाराशी तिला म्हटलं, “मावशीला ‘येते’ म्हण.” ती पायात बूट घालता घालता म्हणाली, “आय ॲम कमिंग, मावशी.”

सगळे पोट धरून हसले. शंतनू म्हणाला, “हसताय काय? ट्रान्सलेशन एकदम परफेक्ट आहे यार.” तेव्हापासून ते तिचं ठरूनच गेलं. शाळेच्या बाईंना, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना, सगळ्यांना निघताना ‘आय ॲम कमिंग.’ अमेरिकन माणसं गोंधळून बघायची. मी दुरुस्त केलं नाही. भाषा गेली तरी रीत तरी उरली, असं वाटून मला बरंच वाटायचं.

साडेचारला दिवे मालवताना उल्का होडीतल्या माणसांनाही तेच म्हणायची. हात हलवून, शालवाल्या बाईकडे बघत. मी ऐकायची आणि हसायची.

३

नोव्हेंबरच्या सुरुवातीचा गुरुवार. खोलीत कुणी नव्हतं. उल्का जिन्यापाशी कोट घालत होती आणि मी टॉर्च घेऊन नेहमीसारखी फेरी मारत होते. मोठ्या चित्रापाशी आले, वरून खाली प्रकाश फिरवला आणि होडीवर थांबले. शालवाली बाई आणि म्हातारा यांच्यामध्ये फळी दिसत होती.

दोन बोटांएवढी. काळपट, ओल्या लाकडाचा रंग. त्यावर एक बारीक उजळ रेघ होती, पाण्याची चमक दाखवायला मारतात तशी. रंग ताजा नव्हता. आजूबाजूला पडलेले बारीक तडे त्या फळीवरूनही गेले होते.

मी माणसं मोजली. अकराच होती.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. माणूस रोज एक गोष्ट बघतो म्हणजे तो ती खरोखर बघतो असं नाही. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण देत असे, की रोज चढता त्या जिन्याला किती पायऱ्या आहेत ते सांगा. एकालाही सांगता यायचं नाही. तर ती फळी आधीपासून असणार आणि माझ्या नजरेतून सुटली असणार. फाइलमधला फोटो काढला. तो तीस वर्षांपूर्वीचा, आणि तो उजवा कोपरा त्यात नुसता काळा होता. मी ‘बदल’च्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. लिहिताना हात जरा अडला, हे कबूल करते.

उल्का मागे येऊन उभी राहिली होती. तिने हात हलवून तिचं वाक्य म्हटलं आणि आम्ही निघालो.

४

घरी फ्रिजवर उल्काचं एक चित्र लावलेलं होतं, सप्टेंबरात काढलेलं. ती होडीच. अकरा गोल डोकी, अकरा धडं, आणि सगळ्यांचे खांदे एकमेकांत घुसलेले. मागच्या फळीवर शाल आणि म्हाताऱ्याची टोपी यांच्यामध्ये कागद कोरा दिसत नव्हता. शंतनूला दाखवलं. त्याचं म्हणणं, सात वर्षांची मुलं वाटेल तसं काढतात, मागच्या महिन्यात हिने मला तीन बोटं काढली होती. मुद्दा बरोबर होता. मला पटला.

पण पटलं म्हणून मोजायचं थांबवता येतं असं नाही. पुढच्या मंगळवारी मी फॉर्मच्या कागदाची एक पट्टी फाडली आणि कॅनव्हासला न टेकवता, बोटभर अंतरावर धरून त्या फळीची रुंदी पेन्सिलने खुणावली. खाली तारीख घातली. गुरुवारी दुसरी पट्टी. मग तिसरी. त्यानंतर उल्काला ताप आला आणि ती आठवडाभर घरी होती. शंतनूने माझ्या दोन्ही दिवशी घरून काम केलं आणि मी एकटीच संग्रहालयात गेले. चौथी, पाचवी. मग ती पुन्हा यायला लागली. सहावी.

सहा पट्ट्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एकाखाली एक मांडल्या. पहिल्या तिन्हीत खूण थोडी थोडी पुढे सरकलेली. चौथी आणि पाचवी तिसरीच्या बरोब्बर इतकीच. सहावी पुन्हा पुढे. सहा नोंदींवर निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास केलं असतं.

होडी मोठी झाली नव्हती आणि माणसंही कमी झाली नव्हती. ती सरकून बसली होती, एवढंच. म्हाताऱ्याचं कोपर आता वल्हं मारणाऱ्या माणसाच्या बरगडीत रुतत होतं, आणि त्या माणसाने अंग चोरलं होतं. शालवाल्या बाईने शाल आवरून मांडीवर घेतली होती. घरी पाहुणा आला की सोफ्यावरची माणसं जशी न सांगता इकडेतिकडे होतात, तशी. जागा अजून माझ्या मापाची नव्हती. मोठं कुणी तिथे बसलं नसतं.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

५

डिसेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी मी उल्काची खोली आवरत होते. पलंगाखाली तिची जांभळी सॅक सापडली, गच्च भरलेली. दोन फ्रॉक, लोकरीची टोपी, टूथब्रश, बिस्किटांचा पुडा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिघांचा एक फोटो. कपडे गुंडाळ्या करून भरले होते. इंडियाला जाताना मी भरते तसे.

मी विचारलं, कुठे स्लीपओव्हर आहे का? तिने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, “देअर इज ओन्ली वन सीट, सो आय गेट ओन्ली वन बॅग.”

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, सीट कुठे आहे? ती माझ्याकडे, मला कसं माहीत नाही अशा नजरेने बघायला लागली. होडीत, अर्थात. त्यांनी जागा केली. रोज थोडी थोडी केली, कारण तिथे फार गर्दी आहे. मी विचारलं, तुला त्यांनी बोलावलं का? नाही म्हणाली. मग?

“आय टोल्ड देम आय ॲम कमिंग. दे आर वेटिंग, आई.”

ती घाबरली नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. दाराशी ऐकलेले सगळे हशे मला एकदम आठवले. आठवड्यातून दोनदा, जवळजवळ तीन महिने, माझी मुलगी त्या माणसांना तोंड भरून ‘येतेय’ म्हणून सांगत होती. आपल्यात ‘येते’चा अर्थ निघाले एवढाच असतो, हे तुम्हाला-मला ठाऊक. पाण्यावर अडकलेल्या माणसांनी त्याचा काय अर्थ घ्यायचा?

मी तिला सांगितलं की ते खरंखुरं सांगणं नसतं, नुसतं म्हणायचं असतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की तूच म्हणतेस, जे करायचं नाही ते सांगायचं नाही. असं मी म्हणत होते खरं. उठता-बसता म्हणत होते.

६

मी मिसेस हॅलोरनना फोन करून कळवलं की काही दिवस येणार नाही. शंतनूला सगळं सांगितलं. पट्ट्या दाखवल्या, सॅक दाखवली. तो सज्जन माणूस आहे, हसला नाही. पण त्याने माझ्याकडे ज्या काळजीने पाहिलं ती पट्ट्यांबद्दलची नव्हती. तू फार एकटी पडलीस गं अस्मिता, असं म्हणाला. मला त्याचा राग आला आणि रागापेक्षा जास्त, तो बरोबर असावा असं मनापासून वाटलं.

दोन दिवस बरे गेले. मग बैठकीच्या खोलीत, नदीकडच्या भिंतीतून आवाज यायला लागला. ठक. मग लाकडावर लाकूड घासत जावं तसा लांबट कर्र. मग पुन्हा ठक. संथ, एका लयीत, आणि रोज साडेचारच्या सुमाराला. हीटरचे पाइप, मी म्हटलं. थंडीत पाइप वाजतात. बिल्डिंगच्या मेंटेनन्सचा माणूस येऊन गेला. त्याने भिंतीला कान लावला, ठोकून पाहिलं आणि सांगितलं की या भिंतीत पाइप नाहीत, पलीकडे नुसती हवा आहे, चौदा मजले.

उल्का त्या वेळी खिडकीशी जाऊन उभी राहायची. पायात बूट असायचे. मी काढायला लावले की निमूट काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायची.

पुढच्या आठवड्यात बुधवारी मला शाळेत पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. गेटवर उल्का नव्हती. बाई म्हणाल्या, ती ‘आय ॲम कमिंग’ म्हणून गेली, मला वाटलं, तिला तू दिसलीस. त्या दहा मिनिटांत माझं काय झालं ते मी लिहू शकत नाही. मी कुठे पळत गेले ते मात्र मला लगेच कळलं होतं. संग्रहालय बुधवारी बंद असतं. बंद दाराच्या पायरीवर, नदीवरच्या वाऱ्यात, उल्का ती जांभळी सॅक मांडीवर घेऊन बसली होती. सात वर्षांच्या पोरीने दोन मोठे रस्ते एकटीने ओलांडले होते.

मला बघून ती म्हणाली की आज लॉक आहे. उद्या येऊ.

७

दाराला किती कुलपं लावणार? आज मी पोचले, उद्या पोचेनच असं नव्हतं. त्या रात्री जेवताना मी ठरवलं की जिथे शब्द दिला तिथेच तो परत घ्यायचा. शंतनू म्हणाला, तुझ्या मनाचं समाधान होणार असेल तर कर, मी सुट्टी टाकतो, बरोबर येतो. मी म्हटलं नको, त्याच्यासमोर मला अवघडल्यासारखं होईल. हा माझा शहाणपणा.

उल्काला मी समजावलं. उद्या आपण जाऊ आणि त्यांना सांग, मी येणार नाही. तिने साफ नकार दिला. आधी येते म्हणायचं आणि मग येत नाही म्हणायचं, हे लायिंग आहे. अर्धा तास घासाघीस केली. मी चिडले, ती रडली. मग मला दुसरा शब्द सुचला.

‘जाते.’ एवढंच. त्यात खोटं काही नाही, निघताना ‘जाते’ म्हणणं शब्दशः खरंच असतं. त्यावर कुणी वाट बघत बसत नाही. जाते म्हणून गेलेलं माणूस येत नाही.

आणि तिथेच माझी जीभ अडखळली. जाते म्हणून गेलेलं माणूस येत नाही, म्हणूनच तर आपण तो शब्द दाराशी काढत नाही. सात वर्षांच्या लेकीच्या तोंडी मी स्वतः तो घालणार होते. एका बाजूला मी मानत नाही अशी एक गोष्ट, दुसऱ्या बाजूला मी मानत नाही अशी दुसरी गोष्ट, आणि मधे माझी पोर. मी संख्याशास्त्राची बाई, ओट्याशी उभी राहून या दोन्हींतली कमी धोक्याची कुठली ते तोलत होते. हसण्यासारखं आहे. मला हसू आलं नाही.

झोपवताना मी तिला तो शब्द म्हणायला लावला. तिने जिभेवर घोळवून पाहिला. मग विचारलं, “व्हेन डू वी से दॅट?”

मी म्हटलं, “ज्यांच्याकडे परत यायचं नसतं ना, त्यांना म्हणतात.”

तिने थोडा विचार केला आणि ओके म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या शेजारीच झोपून गेले.

८

गुरुवारी शाळा सुटल्यावर आधी घरी आलो आणि चार वाजून गेल्यावर संग्रहालयात गेलो. पाऊसबर्फ मिसळून पडत होतं आणि संग्रहालयात चिटपाखरू नव्हतं. मिसेस हॅलोरन खाली नांगराजवळच्या टेबलावर पत्रं लिहीत होत्या. त्यांनी उल्काची सॅक बघून विचारलं, कुठे प्रवासाला? उल्का नुसती हसली. सॅक घरी ठेवायला मी सांगितलं होतं, पण निघताना त्यावरून तमाशा नको म्हणून सोडून दिलं होतं.

वरच्या खोलीत दिवे होते. मी बाहेरच्या दाराकडे पाठ करून चित्रासमोर उभी राहिले आणि उल्काला दोन्ही खांद्यांना धरून पुढ्यात उभं केलं. होडीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. मागच्या फळीवर आता सरळसरळ जागा होती. शालवाली बाई अगदी टोकाला गेली होती, तिचं एक पाऊल होडीच्या कडेवर टेकलं होतं. बाकी सगळे खेटून, अंग चोरून, अवघडून बसलेले. पहिल्या दिवशी ही माणसं मागे बुडणाऱ्या जहाजाकडे बघत होती, याबद्दल मी शपथेवर सांगू शकते. आता जहाजाकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. ती दमलेली होती आणि त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता. त्यांना फक्त निघायचं होतं. एका माणसासाठी खोळंबलेल्या लोकांचे चेहरे असतात तसे ते चेहरे होते.

मला त्यांची दया आली. तेवढ्या भीतीतही आली.

मी खाली वाकून उल्काच्या कानात म्हटलं, “म्हण आता. एकदाच म्हण आणि आपण घरी जाऊ.”

तिच्या खांद्यांवर माझे हात होते. तिने ते हलकेच सोडवले. दोन्ही पट्टे नीट ओढून सॅक पाठीवर घेतली. मी वाट बघत होते की ती समोर बघून म्हणेल. काल रात्री मी तिला शब्द सांगितला होता, अर्थ सांगितला होता. कुणाला म्हणायचं ते मात्र सांगितलं नव्हतं. सांगायला हवं असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ती चित्राकडे पाठ करून माझ्याकडे वळली. मान वर करून माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, स्वच्छ मराठीत म्हणाली,

“जाते, आई.”

९

त्याच क्षणी दिवे गेले. हे मला भुताटकी म्हणून सांगायचं नाही. साडेचार वाजले होते आणि मिसेस हॅलोरन खालून मुख्य बटण बंद करतात. आम्ही वर आहोत हे त्या विसरल्या होत्या. त्यांनी नंतर दहा वेळा माफी मागितली.

अंधार किती वेळ होता? पाच सेकंद असेल. मी पुढे झेप घेतली, हाताला सॅक लागली, मग केस, मग ती. मी तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. वजन नेहमीचंच होतं. जिन्याच्या दारावरचा लाल दिवा तेवढा चालू होता आणि त्याच्या उजेडात, तिच्या खांद्यावरून, मला चित्राचा खालचा कोपरा ओझरता दिसला. मागच्या फळीवर जागा उरलेली नव्हती. खांद्याला खांदे लागलेले होते.

मी तिला उचलून धावत खाली आले.

ती जागा दोन तऱ्हेने भरू शकते. सरकलेली माणसं पुन्हा आपापल्या जागी येऊन बसली असतील. किंवा मध्ये कुणी बसलं असेल. यातलं काय झालं ते कळायला फार काही लागत नाही, जवळ जाऊन फक्त मोजायचं. अकरा की बारा. पहिलीतलं पोर करील ते काम.

मी गेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात शंतनूने माझ्यासाठी म्हणून नॉर्थ कॅरोलिनातली नोकरी घेतली. मॉरिसव्हिलमध्ये नदी नाही, समुद्र तीन तासांवर आहे, शेजारी चार मराठी घरं आहेत. उल्का आता दहा वर्षांची आहे. शाळेत हुशार आहे, वरण-भात आवडीने खाते, रात्री कुशीत येते. तिचं मराठी इतकं सुधारलंय की आश्लेषा फोनवर कौतुक करून थकते. कुणाच्या घरून निघताना मात्र ती काहीच म्हणत नाही, नुसती हसून बाहेर पडते. शंतनू म्हणतो, बघ, सगळं ठीक आहे ना? मी हो म्हणते. ती माझीच आहे. मी तिच्या हनुवटीखालची खूण पाहिलेली आहे, दात मोजलेले आहेत, वाटेल ते केलेलं आहे.

फक्त एक सवय लागली आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. उल्का आतल्या खोलीतून ‘आई’ म्हणून हाक मारते, तेव्हा मी लगेच ओ देत नाही. हातातलं काम थांबवते आणि आधी ऐकते, हाक नक्की कुठून आली ते.